पिकअपला चारही चाकांचा जोर हवा का?



कांद्याच्या दिवसांत मालेगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळी उभे राहिलात, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या बरोबरीने पिकअप गाड्यांची रांग दिसते. खेड्यातली बैलगाडी जे करीत असे, ते पुष्कळसे काम आता ही गाडी करते. कांदा, मका, डाळिंबाचे क्रेट, चारा, शेळ्या-मेंढ्या, सारे तिच्यातच. गावात लग्न असले तर मांडवाचे सामान तिच्यातच. मालेगाव शहरात शिरलात, तर यंत्रमागाच्या सुताच्या गोण्या आणि कापडाच्या गाठीही तीच वाहते.

अशी गाडी घ्यायला निघालेल्या माणसापुढे एक प्रश्न हमखास येतो. कोणी म्हणते, "घ्यायचीच तर फोर बाय फोर घे, चिखलात अडकायचे नाव नको." दुसरा म्हणतो, "कशाला? नुसता डिझेलचा खर्च." सल्ला देणाऱ्याला हप्ते भरायचे नसतात. गाडी बहुधा कर्जावर येते, आणि ते कर्ज पाच-सात वर्षे घराच्या मानेवर असते. तेव्हा हा प्रश्न हौसेवर न सोडता हिशेबाने सोडवावा, एवढ्यासाठी आज त्याचा नीट विचार करू.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. फोर बाय टू म्हणजे गाडीला चाके चार, पण इंजिनाचा जोर त्यांपैकी दोनच चाकांना. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये जोर मागच्या दोन चाकांना असतो, पुढची दोन चाके फक्त वळण्याचे काम करतात. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, जिला आपण सगळे 'छोटा हत्ती' म्हणतो, तीही मागच्या चाकांवरच चालते. चारही चाकांना जोर असलेले पिकअपचे प्रकार आपल्या देशात मिळतात, पण संख्येने ते थोडे आहेत.

मग या चार चाकांच्या जोराचा एवढा बोलबाला कशाने झाला? त्याचे मूळ जीपगाडीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, अमेरिकेत लष्करासाठी जीपगाड्या मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. लष्कराला रस्ता निवडता येत नाही. शेत असो, ओढा असो, वाळू असो, जायचे म्हणजे जायचे. १९४७ साली महिंद्र कंपनीने परदेशातून सुटे भाग आणून आपल्याकडे जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेडोपाडी दिसू लागली. ज्या वाटेने बैलगाडीही जपून जाई, त्या वाटेने ही गाडी गेलेली लोकांनी पाहिली. तेव्हापासून 'जीप म्हणजे कुठेही जाणारी गाडी' हे मनात पक्के बसले. पण पुढे जीपच्या तोंडवळ्याच्या पुष्कळ गाड्या नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या निघाल्या. म्हणून गाडीचे तोंड पाहून किंवा पाठीमागचे स्टिकर पाहून ठरवू नका. गाडी जुनी घेत असाल, तर मिस्त्रीला खाली वाकून पाहायला सांगा. पुढच्या आसाकडे जाणारा फिरता दांडा असेल, तरच ती फोर बाय फोर.

आता जोर चाकापर्यंत जातो कसा ते पाहू. इंजिनाचा जोर गिअर बॉक्समधून एका लांब दांड्याने मागच्या आसापर्यंत जातो. आसाच्या मधोमध तुम्ही एक फुगीर गोळा पाहिला असेल. त्यात डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची जुळणी असते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळताना एक चाक फरफटेल. तसे होऊ नये म्हणून दोघांना आपापल्या वेगाने फिरू देण्याची सोय या डिफरन्शियलमध्ये आहे.

पण या सोयीला एक खोड आहे, आणि गाडी रुतण्याचे अर्धे कोडे त्या खोडीत आहे. बैलांच्या जुवाचा विचार करा. जू मधोमध बांधलेले असते. दोन्ही बैल सारखे ओढतात तोवर गाडी सरळ चालते. एक बैल ढिला पडला, की जू तिरपे होते आणि दुसरा बैल कितीही खंदा असला तरी त्याचा जोर वाया जातो. डिफरन्शियलचे अगदी तसेच आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटतो. एक चाक ओल्या चिखलात नुसते गरगरू लागले, की त्याला जेवढा थोडका जोर लागतो तेवढाच दुसऱ्या चाकाच्या वाट्याला येतो. दुसरे चाक चांगल्या कोरड्या मुरमावर असले तरी ते जागचे हलत नाही. आपण पाहतोच, रुतलेल्या गाडीचे एक चाक चिखल उडवत असते आणि दुसरे शांत उभे असते.

फोर बाय फोर गाडीत काय होते? गिअर बॉक्सला जोडून आणखी एक पेटी असते, ती पुढच्या आसालाही जोर देते. म्हणजे मागच्या जोडीबरोबर पुढे बैलांची आणखी एक जोडी जुंपली. मागची जोडी घसरली तरी पुढची ओढते. या पेटीत बहुधा 'लो' नावाचा जादा गिअरही असतो. त्याने गाडीचा वेग कमी होऊन चाकावरची ओढ साधारण दोन-अडीच पट होते. खड्या चढावर ओझे घेऊन चढताना किंवा उतारावर गाडी इंजिनाने धरून ठेवताना तो फार उपयोगी पडतो.

इथवर ऐकले की वाटते, मग चारही चाकांचा जोर असलेला बरा. थांबा. आता थोडे गणित मांडू. शिक्षक मित्रांनी ते फळ्यावर लिहून दाखवावे. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण प्रमाण पटण्याजोगे आहे.

चाकाला जमिनीवर पकड किती मिळेल, हे दोन गोष्टींवर ठरते : त्या चाकावर वजन किती आणि जमीन कशी. समजा, रिकाम्या पिकअपचे वजन १,७०० किलो आहे. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातले १,००० किलो पुढच्या चाकांवर आणि ७०० किलो मागच्या चाकांवर पडतात. ओल्या काळ्या मातीत वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी पकड धरू. म्हणजे मागची चाके फार तर १४० किलोची ओढ देतील. चिखलातून नुसते पुढे सरकायला वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ लागते असे धरले, तर गरज १७० किलोची. मिळाली १४०, हवी १७०. गाडी सपाट जागीही अडकली! हीच गाडी फोर बाय फोर असती तर १,७०० किलोच्या पाचव्या हिश्शाने ३४० किलोची ओढ मिळाली असती आणि ती बाहेर पडली असती.

आता तिच्यात १,००० किलो माल भरा आणि त्यातला ९०० किलो मागच्या चाकांवर येऊ द्या. मागचे वजन १,६०० किलो झाले, ओढ ३२० किलो. एकूण वजन २,७००, गरज २७० किलो. म्हणजे रिकामी अडकलेली गाडी भरल्यावर सपाट जागी चालून जाईल. पुष्कळांना हा अनुभव असतो, पण कारण ठाऊक नसते. अर्थात ओझ्याने चाक जास्त खोल बसते, तेव्हा चिखल फार खोल असला तर हा फायदा उरत नाही.

आता याच भरल्या गाडीपुढे चढ आणा, दहा फुटांत एक फूट चढणारा. चढाला आणखी २७० किलोची ओढ लागेल, एकूण ५४० किलो. मागच्या दोन चाकांची ओढ ३२० किलो, गाडी चढणार नाही. चारही चाकांची ओढ २,७०० चा पाचवा हिस्सा, म्हणजे बरोबर ५४० किलो. फोर बाय फोर गाडीसुद्धा जेमतेम काठावर आहे. मेहनत करील, घसरेल, चढली तर चढली.

आता शेवटचे उदाहरण, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचे. त्याच चढावर मुरूम टाका आणि चांगला दाबा. आता पकड वजनाच्या निम्मी धरू आणि नुसते सरकायला लागणारी ओढ शंभरात चार. भरल्या गाडीच्या मागच्या दोन चाकांची ओढ ८०० किलो झाली. गरज चढाला २७० आणि सरकायला १०८, मिळून ३७८ किलो. दोन चाकांवर चालणारी साधी गाडी दुपटीहून जास्त जोर हाताशी ठेवून चढून गेली!

पाहिलेत ना? चिखलात दोन चाकांच्या जागी चार चाके जुंपल्याने ओढ ३२० वरून ५४० झाली. मुरूम टाकल्याने ती दोनच चाकांवर ८०० झाली, आणि शिवाय गरजही कमी झाली. म्हणून गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी आपल्या वाटेकडे पाहावे.

आता आपल्या मालेगावच्या मुलखाकडे येऊ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने आपल्याकडे पाऊस तसा बेताचा. पण मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठची काळी जमीन किती चिवट, हे कोणी सांगायला नको. बसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत बारीक चिकणमातीचे कण फार असतात. पाणी प्याले की ती फुगते, सुकली की तिला भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या नक्षीत गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. अशा वेळी टायरला नक्षी आहे की नाही, याला अर्थ उरत नाही. चारही चाके गुळगुळीत झाली तर चारही चाके घसरतात. आणि गाडीचे पोट किंवा मागच्या आसाचा गोळा एकदा मातीवर टेकला, की चाके अधांतरी होतात. मग चार काय आणि आठ काय! म्हणून काळ्या रानात गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची ही चाकांच्या जोराइतकीच मोलाची.

उलट टेकड्यांच्या पायथ्याच्या मुरमाड, बरड जमिनीत पाऊस उघडला की काही तासांत वाट चालू होते. तिथे साधी पिकअप पावसाळाभर चालते. एकाच गावात एका शेतकऱ्याची गरज एक आणि शेजाऱ्याची दुसरी असू शकते, ती अशी.

पिकाचेही पाहा. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत भरला जातो आणि भाव पाहून ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा विकला जातो. म्हणजे चाळ भरायची कोरड्या दिवसांत, आणि उपसायची नेमकी चिखलाच्या दिवसांत. आंबे बहराचे डाळिंबही बऱ्याच बागांत पावसाळ्यात तोडणीला येते. भाव आहे त्या दिवशी गाडी चाळीशी पोचली नाही तर नुकसान खरे, ते नाकारून चालणार नाही. पण त्यावर एक साधा उपाय आहे. नवी चाळ बांधायची असेल तर ती रस्त्याच्या कडेला, पाणी न साचणाऱ्या उंच जागी बांधा. उन्हाळ्यात कांदा शेतातून तिथवर ट्रॅक्टरने आणता येतो. पावसाळ्यात पिकअपला शेतात उतरायचे कारणच उरत नाही.

आणि जिथे वाटेने जावेच लागते, तिथे सगळी वाट वाईट असते का? बहुधा नसते. शिवेवरचा एखादा ओघळ, नाल्याकाठचा उतार, पाणी साचणारी चाळीस-पन्नास मीटरची पट्टी, गाडी दर वेळी तिथेच बसते. ५० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड मुरूम टाकायचा तर साडेबावीस घनमीटर लागतो, म्हणजे सुमारे ८ ब्रास. सबंध ३०० मीटरची वाट करायची तर सुमारे ४८ ब्रास. मुरूम टाकण्यापूर्वी दोन्ही अंगांना चर काढून पाणी बाजूला काढा, नाहीतर पहिल्या पावसात मुरूम काळ्या मातीत गडप होईल. मुरूम हे गौण खनिज आहे, ते उचलण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवा. शेतरस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. अशा कामाला आज कोणत्या योजनेतून मदत मिळते, याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत अवश्य करावी. मुरमाची वाट एकट्याच्या गाडीपुरती राहत नाही. तिच्यावरून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जातो, दुधाची गाडी जाते, शाळेला मुले जातात, अडल्या रात्री बाळंतीणही जाते.

आता पैशाचा हिशेब. पुन्हा आकडे समजुतीचे आहेत. तुमचे आकडे विक्रेत्याकडून आणि बँकेकडून लिहून घ्या. समजा, फोर बाय फोरसाठी एक लाख रुपये जास्त पडले आणि तेही १० टक्के व्याजाच्या कर्जातून, पाच वर्षांच्या मुदतीने. महिन्याला सुमारे २,१२५ रुपये हप्ता वाढला, पाच वर्षांत सुमारे १,२७,५०० रुपये. जादा आस, जादा पेटी, जादा दांडा यांचे वजन गाडी रोज वाहते. लिटरला १४ किलोमीटरऐवजी १३ मिळाले आणि वर्षाला २०,००० किलोमीटर चालली, तर वर्षाला सुमारे ११० लिटर डिझेल जास्त. लिटरमागे ९० रुपये धरले तर ९,९०० रुपये. पाच वर्षांचे साडेएकोणपन्नास हजार. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या वर, म्हणजे वर्षाकाठी साधारण ३५,००० रुपये. गाडी विकताना यातले काही परत येतील. उलट जादा तेल, जादा जॉइंट आणि दुरुस्ती यांचा खर्च वर पडेल.

दुसऱ्या पारड्यात काय टाकायचे? गाडी एकदा अडकली, की ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे पैसे, माणसांचा खोळंबा आणि बाजार हुकल्याचा तोटा मिळून समजा १,५०० रुपये जातात. तर वर्षातून तेवीस-चोवीस वेळा अडकत असाल, तेव्हा कुठे दोन्ही पारडी बरोबर येतात. चार-सहा वेळा अडकत असाल, तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर स्वस्त. आपल्या वाडवडिलांना हा हिशेब पाठ होता. जड नांगराला दोन-तीन जोड्या लागत, पण त्या चार दिवसांसाठी कोणी जादा जोडी वर्षभर पोसत नसे; सावड करीत. रुतलेली गाडी ओढून काढणारा ट्रॅक्टर ही आजची सावडच आहे.

आता फोर बाय फोर काय करीत नाही, हेही ऐका. कारण या गैरसमजापायी जिवाला धोका होतो. पहिली गोष्ट, चारही चाकांच्या जोराने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. राहुड घाटात पावसात गाडी घसरली, तर फोर बाय फोरची पाटी तिला धरून ठेवणार नाही. तिथे चांगले टायर, माफक ओझे आणि बेताचा वेग हेच तारतात. दुसरी गोष्ट, पुराचे पाणी. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना 'आपली गाडी फोर बाय फोर आहे' म्हणून कोणी गाडी घालू नये. गाडी जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने ती हलकी होते, आणि एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो असते. गाडी हलकी झाली की चाकांवरचे वजन गेले, वजन गेले की पकड गेली. मग चारही चाके फिरत असली तरी प्रवाह तिला उचलून नेतो. तिसरी गोष्ट, ओझे. कागदावर नोंदलेली एकूण वजनाची मर्यादा तीच राहिली आणि गाडीचे स्वतःचे वजन वाढले, तर न्यायचा माल तेवढा कमी होतो.

आणि ती वापरायचीही एक रीत आहे. पुष्कळ पिकअपमध्ये पुढचा आस लागेल तेव्हाच जोडायचा असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जोडून गाडी चालवू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा पीळ दांड्यात आणि दातेरी चाकांत बसतो आणि ती मोडतात. चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले लागतात. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, असे चालत नाही. आणि पावसाळ्याखेरीजही कधीमधी, मोकळ्या मातीच्या वाटेवर, पुढचा आस जोडून थोडे चालवावे, म्हणजे जोडणी जाम होत नाही.

तेव्हा ही गाडी खरोखर कोणी घ्यावी? ज्याची रोजची वाट पावसाळ्यात कित्येक आठवडे चिखलाच्या चढावरून जाते, ती वाट मुरमाने बांधणे त्याच्या हाती नाही आणि ओढायला जवळ ट्रॅक्टर नाही, त्याने जरूर घ्यावी. बागलाणच्या पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरात किंवा कळवण-सुरगाण्याच्या पाड्यांवर, जिथे पाऊसही जास्त आणि चढही खडे, तिथून दूध, भाजी किंवा आजारी माणसे नेणाऱ्याला ती गाडी हौसेची म्हणता येणार नाही. याउलट मालेगावच्या गल्ल्यांतून कापडाच्या गाठी नेणारा किंवा आग्रा रोडने नाशिक-मुंबईला भाजी नेणारा, यांची चाके डांबर सोडीतच नाहीत. त्यांनी जादा आस वर्षभर मिरवून काय मिळवायचे?

या दोघांच्या मधे जे आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेक तिथेच आहेत, त्यांच्यासाठी मधले उपाय आहेत. पोटाची उंची जास्त असलेली गाडी निवडा. काही गाड्यांत एक चाक घसरले की दोन्ही मागची चाके आपोआप जखडणारे डिफरन्शियल मिळते. जू तिरपे होऊ नये म्हणून घातलेली ती खीळच समजा. तशी सोय आहे का, हे विक्रेत्याला विचारा. पावसाळ्यात मागच्या टायरची नक्षी खोल असू द्या. रिकाम्या गाडीने चिखलात उतरायचे असेल, तर मागच्या आसावर वाळूच्या चार-पाच गोण्या टाका. गाडीत जाड दोर, फावडे, दोन फळ्या आणि गोणपाट ठेवा. चाक गरगरू लागले की पाय लगेच उचला; जेवढे फिरवाल तेवढी ती आपली कबर खणते. आल्या चाकोरीने हळू मागे घ्या, चाकापुढे पऱ्हाट्या किंवा गोणपाट घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघा. नदीच्या वाळूत टायरची हवा थोडी कमी केली तर चाक पसरते आणि तरते. पण डांबरावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर भरल्या गाडीचा टायर तापून फुटेल.

शिक्षक मित्रांनो, यातले शास्त्र वर्गात सहज दाखवता येते. एक काठी घ्या, तिच्या मध्याला दोरी बांधून दोरीचे दुसरे टोक मातीच्या गोणीला बांधा. दोन टोके दोन मुलांना ओढायला द्या. मग एकाला हात ढिला सोडायला सांगा. काठी गर्रकन फिरेल आणि गोणी जागची हलणार नाही. हे झाले डिफरन्शियल. दुसरा प्रयोग पकडीचा. विटेखाली जुन्या टायरचा तुकडा बांधा, ती फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागेल तिथे थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला फळीच्या खालच्या आडव्या अंतराने भागा. येणारी संख्या म्हणजे पकड. फळीवर कोरडी माती, मुरूम आणि पातळ चिखल पाळीपाळीने पसरून मोजा. मुलांना आकडे वहीत लिहू द्या, आणि ती वही त्यांच्या वडिलांनाही दाखवू द्या.

शेवटी एकच विनंती. गाडी घेण्याची घाई नसेल, तर एक पावसाळा जुन्या गाडीवर किंवा भाड्याच्या गाडीवर काढा आणि एक वही ठेवा. गाडी अडकली की तारीख लिहा, जागा लिहा, भरलेली होती की रिकामी ते लिहा, कशाने निघाली आणि खर्च किती आला ते लिहा. दिवाळीला ती वही घेऊन घरच्यांसह बसा. अडकण्याच्या नोंदी चार-सहाच असतील, तर साधी गाडी घ्या आणि वाचलेल्या पैशाचा हप्ता लवकर फेडा. नोंदी पुष्कळ पण त्याच एका ओघळावरच्या असतील, तर मुरूम टाका, आणि जमल्यास त्या वाटेच्या सगळ्या शेतकऱ्यांना मिळून टाकायला लावा. नोंदी पुष्कळ आणि जागोजागच्या, चढाच्या, तुमच्या हाती नसलेल्या वाटेवरच्या असतील, तर मग कचरू नका, चारही चाकांचा जोर असलेली गाडी घ्या. ती तुमच्या घरी बसून खाणार नाही, आपले पैसे फेडील.